अकरा रकाने, एक सायकल

माझ्या सासूबाईंनी वयाच्या साठाव्या वर्षी सायकल घेतली, त्याला कारण मी. आणि घेतल्यानंतर ती सायकल नऊ दिवस आमच्या घराच्या पॅसेजमध्ये नुसती उभी राहिली, त्यालाही कारण मीच. पहिल्या गोष्टीबद्दल मला अधूनमधून शाबासकी मिळते. दुसरीबद्दल अजून बोलणी खाते.

सासूबाई शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापड बेतायचं लांबलचक टेबल आणि दारामागच्या दांडीवर लोकांचे अर्धवट उसवलेले कोट. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं हे त्यांचं मुख्य काम. ‘लोक जाड झाले तरी माझ्याकडे येतात, बारीक झाले तरी माझ्याकडेच येतात,’ असं त्या मोठ्या समाधानाने सांगतात. पण पस्तीस वर्षं मशीनवर बसून बसून त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर परक्यांचे गुडघे वाकवते, मग घरचा कसा सोडणार? एका संध्याकाळी त्यांना कापायच्या टेबलावर बसवून नीट तपासलं.

“आई, गुडघा चांगला आहे हो. त्याला नुसता कंटाळा आलाय. सायकल चालवा.”

“सायकल?” त्यांनी तोंडातली टाचणी काढली. “शाळेत असताना चालवायचे मी. हात सोडून.”

“आता हात धरूनच चालवा.”

आठवड्याच्या आत सायकल आली. त्यांच्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या एका बाईंच्या मुलीला ती लहान पडत होती. मोरपंखी रंग, पुढे टोपली, आणि एक घंटी, जी एकदा वाजवली की बराच वेळ आपली आपणच वाजत राहायची. त्या रात्री जेवताना मी त्यांना वेळापत्रक समजावून सांगितलं. पहिला आठवडा दहा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. एकदम अंगात आल्यासारखं करायचं नाही. किती वेळ गेलात, किती अंतर गेलात, त्याची नोंद ठेवायची.

“आता लिहीत कोण बसणार?” सासूबाई म्हणाल्या.

“लिहायचं कशाला? फोनवर एखादं ॲप घ्या. कुठलंही चालेल.”

हे वाक्य बोलून मी ताटाकडे वळले आणि तेवढ्यात टेबलाच्या पलीकडच्या टोकाला चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. तिथे माझे सासरे बसले होते.

सासरे मोजणीदार होते. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या. दोन शेजारी वीतभर जागेसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले की त्यांच्या मधोमध टेप धरून शांतपणे उभा राहणारा माणूस म्हणजे ते. अशा माणसासमोर ‘कुठलंही चालेल’ म्हणायचं नसतं, एवढी अक्कल मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तरी यायला हवी होती.

“कुठलंही म्हणजे?” ते म्हणाले. “एक ॲप दोन किलोमीटर म्हणेल, दुसरं सव्वादोन. मग खरं कुठलं धरायचं?”

“अहो, मला काय शर्यत जिंकायचीय?” सासूबाई म्हणाल्या.

“शर्यतीचा प्रश्न नाही. नोंद ठेवायची तर ती बरोबर पाहिजे. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी. मी बघतो.”

‘मी बघतो’ ऐकल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी कपाटातून लांब पानांची एक वही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखायला बसले. चौदा ॲप आणि अकरा रकाने. अचूकपणा. बॅटरी किती खातं. भाषा. इंटरनेट नसताना चालतं का. मध्येच जाहिराती दाखवतं का. माहिती कोणाकोणाला पुरवतं. एका रकान्याचं नाव नुसतंच ‘स्वभाव’ असं होतं. मी विचारलं तर म्हणाले, “काही ॲप ओरडतात म्हणे. माणसाने आधी चौकशी करावी.”

ते प्रत्येक ॲपच्या अटी आणि शर्ती वाचायचे. सगळ्या. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. मधूनच पुढच्या खोलीत हाक जायची, “अगं ए, ऐकतेस का? हे सातव्या नंबरचं तुझ्या हृदयाचे ठोके मागतंय.”

“देऊन टाका,” मशीनच्या खडखडाटातून उत्तर यायचं. “पण सायकल कधी देताय ते सांगा!”

सायकल तोवर पॅसेजमध्ये. जाता-येता प्रत्येकाच्या पोटरीला तिचं पॅडल लागायचं. कपडे द्यायला येणारी गिऱ्हाईकं टोपलीत आपल्या पिशव्या ठेवायची. एका काकांनी तर ओला रेनकोट हँडलवर वाळत घातला. सासूबाई दिवसातून दोनदा तिच्याजवळ उभ्या राहून ब्रेक दाबून बघायच्या. पण बाहेर काढायची सोय नव्हती, कारण सासऱ्यांचं म्हणणं, “पहिलीच फेरी नोंदीतून सुटली, तर मग पुढच्या आकड्यांना अर्थ काय?” त्यावर त्या पहिल्या दिवशी हसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मशीन नेहमीपेक्षा जोरात चालवलं. आठव्या दिवशी त्यांनी सासऱ्यांच्या पायजम्याच्या नाडीला इतकी करकचून गाठ मारली की ती सुटता सुटेना.

दहाव्या दिवशी सकाळी सासरे आंघोळीला गेले आणि सासूबाई सायकल घेऊन बाहेर पडल्या. मी खिडकीतून पाहत होते. पहिली वीस पावलं हँडल डगमगलं. मग पाठ सरळ झाली, आणि कोपऱ्यावर वळताना त्यांनी घंटी वाजवली ती त्या दिसेनाशा झाल्यावरही ऐकू येत होती. बारा मिनिटांनी परत आल्या तेव्हा गाल लाल, केस विस्कटलेले, ओढणी खांद्यावरून फिरवून कमरेला गच्च बांधलेली.

सासरे दारात उभे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

“गेलीस?”

“गेले.”

“नोंद न करता?”

“नोंद गुडघ्यात आहे. दाखवू?”

सासऱ्यांचा चेहरा पडला. सासूबाईंना ते दिसलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, “बरं, किती ॲप उरलेत तुमच्या वहीत?”

“तीन.”

“चला, मग तिन्ही एकदम घालते. एकदाचा काय तो निकाल लावा.”

शनिवारी आम्ही तिघं जवळच्या क्रीडामैदानावर गेलो. चौथा माणूस, म्हणजे माझा नवरा, जहाजावर इंजिनिअर आहे. तेव्हा तो कुठल्यातरी समुद्राच्या मध्यावर होता आणि ‘बाबांना टेप नेऊ देऊ नकोस’ एवढाच त्याचा निरोप आला होता. निरोप उशिरा आला. सासऱ्यांनी टेप आणलीच होती. धावपट्टी चारशे मीटरची असते हे जगाला मान्य असलं, तरी त्यांनी ती स्वतः मोजून घेतली. टेपचं एक टोक माझ्या हातात. मैदानाचा रखवालदार खुर्ची ओढून आमच्याकडे तोंड करून बसला.

“चारशे मीटर, अठरा सेंटिमीटर,” सासरे समाधानाने म्हणाले. “चालेल. पण आतल्या कडेपासून एक फुटावरून चालव हं. तिथलंच माप धरतात.”

“एक फूट? मी काय शिलाई मारतेय का?”

तीन फोन, तीन ॲप. सासूबाईंच्या फोनवर जांभळं, माझ्या फोनवर पिवळं, सासऱ्यांच्या फोनवर काळं. ही नावं त्यांच्या चित्रांच्या रंगावरून आम्हीच पाडली होती. एकाच फोनवर तिन्ही घातली तर एकमेकांत भांडतील, असं सासऱ्यांचं मत. तिन्ही फोन टोपलीत रुमालाने बांधले आणि सासूबाईंनी पाच फेऱ्या मारल्या. पाच चोक वीस, म्हणजे दोन किलोमीटर.

जांभळ्याने दोन किलोमीटर दोनशे मीटर दाखवले. शिवाय प्रत्येक फेरीला एक बाई फोनमधून किंचाळायची, “जबरदस्त! तू आज वाघीण आहेस!” रखवालदार दचकून उठून उभा राहायचा. सासूबाई थांबल्यावर पहिलं काय म्हणाल्या, तर “ही कोण, आणि मला अगं-तुगं का करतेय?”

पिवळं फारच शिस्तीचं निघालं. त्याने आधी वय आणि वजन विचारून घेतलं होतं. सायकल थांबली की ते आपोआप मोजणं थांबवायचं, सिग्नलला उभं राहिलं तर वेळ धरायचं नाही. सोय चांगली, पण सासूबाईंचा वेग बघून त्याला वाटलं त्या थांबल्याच आहेत. त्यामुळे पाच फेऱ्यांनंतर पिवळ्याचा निकाल होता एक किलोमीटर, तीनशे मीटर.

“म्हणजे उरलेला वेळ मी काय करत होते?” सासूबाईंनी विचारलं.

“विश्रांती,” मी वाचून दाखवलं.

काळ्याने दोन किलोमीटर दहा मीटर दाखवले. कौतुक नाही, वाघीण नाही. पांढऱ्या पडद्यावर एक रेघ आणि तीन आकडे, किती वेळ, किती अंतर, किती वेग. सासरे त्या रेघेकडे असे बघत राहिले, जसे काही लोक पाळण्यातल्या बाळाकडे बघतात.

इतक्यात सासूबाईंच्या फोनने टिंग केलं. जांभळ्यात नाव घालताना त्यांनी ‘काजबटण’ असं टोपणनाव घातलं होतं. आता ‘काजबटण’च्या फेरीला कोणीतरी अंगठा दाखवला होता. ओळख ना पाळख, हेल्मेट घातलेला एक माणूस. त्या खूश झाल्या. सासरे मात्र फोन हातात घेऊन उभेच राहिले. “हा मनुष्य कोण? याला तुझी फेरी दिसते कशी? उद्या घरातून निघालीस तर आपलं दार कुठे आहे तेही दिसेल याला.” मग तिथेच गवतात बसून त्यांनी सेटिंग उघडली, सगळं ‘फक्त मला’ वर नेलं आणि घराभोवतीचा पाचशे मीटरचा भाग नकाशावर लपवला. हे त्यांनी बरं केलं. मी माझ्या पेशंटना आता हेच सांगते, की सायकल बाहेर काढायच्या आधी हे करा.

निकाल लागल्यासारखाच होता. तरी सासऱ्यांचं समाधान नव्हतं. मैदान म्हणजे मैदान, खऱ्या रस्त्यावर काय होतं ते बघायला हवं. काळ्या ॲपमध्ये एक सोय होती. चालवणाऱ्याचा ठिपका घरी बसून दुसऱ्याच्या पडद्यावर बघता यायचा. ती तपासल्याशिवाय तो रकाना भरता येईना.

म्हणून मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सासूबाई फोनवर काळं ॲप लावून निघाल्या. फोन कमरेच्या पाऊचमध्ये. सासरे जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून बसले, शेजारी चहा, पुढ्यात वही. मी भाजी निवडत होते. घरात मॅचची कॉमेंट्री लागावी तसं चाललं होतं.

“पेट्रोल पंप ओलांडला… शाळा… थांबली. का थांबली? हां, सिग्नल… निघाली. आता तळ्याच्या रस्त्याला लागली. अगं, जोरात जातेय गं ती! ताशी चौदा!”

“जाऊ दे की.”

“आता तळ्याच्या काठाकाठाने…” आणि सासरे थांबले. चहाचा कप तोंडापर्यंत जाऊन परत खाली आला.

“काय झालं?”

“ती तळ्यात गेली.”

मी उठून पाहिलं. नकाशावर निळं तळं, आणि त्या निळ्यात, काठापासून चांगला आत, एक काळा ठिपका. स्थिर.

“बाबा, ते चुकतं कधीकधी. झाडं असली की सिग्नल इकडेतिकडे जातो.”

“माहीत आहे मला. जन्मभर चुकाच काढल्या मी मोजणीतल्या.” त्यांनी पडद्यावर पट्टी ठेवून ठिपक्यापासून काठापर्यंत मोजलं. “चूक पाच मीटर असते. दहा असते. चाळीस मीटर नसते. आणि चूक असेल तर ठिपका हलत राहतो. हा हलत नाहीये.”

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांनी लावला. परत मी लावला. सहा मिनिटं झाली, आठ झाली. मैदानावर अठरा सेंटिमीटरही न सोडणारा माणूस घरातल्या स्लिपर घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “चल.”

माझी स्कूटर गॅरेजला होती. रिक्षा, टॅक्सी फोनवरून बोलवायला गेलं तर पंधरा मिनिटं दाखवत होती. मग मला आठवलं, जिन्याखाली माझ्या नवऱ्याची जुनी सायकल होती. ओढून काढली, चाकांत हवा बरी होती. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही व्हा पुढे. मी पळत येते.”

त्यांनी हँडल धरलं. सीटकडे पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं.

“मला येत नाही,” ते म्हणाले.

“काय येत नाही?”

“सायकल.”

बोलायला वेळ नव्हता. मी सायकलवर बसले, ते मागे कॅरियरवर. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात छातीशी धरलेला टॅब. उंच माणूस, पाय जमिनीला घासत होते. पहिल्याच वळणाला एक स्लिपर गेली. मी ब्रेक दाबायला लागले तर म्हणाले, “राहू दे! डावीकडे घे! अजून तिथेच आहे ती!” रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. मी दिवसभर लोकांना सांगते की पाठीला बाक न देता पॅडल मारा. त्या दिवशी मी कशी मारत होते ते कोणी टिपलं नाही, हे नशीब.

तळ्याशी पोचलो. बाबा उतरून एका पायाने अनवाणी धावत सुटले. आणि काठावर जाऊन खिळल्यासारखे उभे राहिले.

काठावरून पाण्यात लाकडी फळ्यांचा एक लांब धक्का गेला होता. नवाकोरा, फळ्या अजून पिवळ्या. त्याच्या टोकाला हंसांच्या आकाराच्या पॅडलच्या होड्या बांधलेल्या. आणि तिथे, अगदी टोकाला, मोरपंखी सायकल उभी करून सासूबाई पाय पाण्याकडे सोडून बसल्या होत्या. मांडीवर नारिंगी लाइफ जॅकेट, हातात सुई. शेजारी होड्या भाड्याने देणारी धिप्पाड बाई दोऱ्याचं रीळ धरून बसली होती.

“अगं!” सासऱ्यांनी काठावरूनच हाक मारली.

सासूबाईंनी दात लावून दोरा तोडला आणि वळून पाहिलं. “अरे, तुम्ही दोघं इकडे कसे? बघा ना, हिच्या सगळ्या जॅकेटांचे पट्टे उसवलेत. लोकांच्या जिवाशी खेळ. मी म्हटलं दोन टाके घालते, तर सातवं चालू आहे.”

“तू फोन का उचलत नाहीस?”

“फोन?” त्यांनी पाऊच उघडला. आवाज बंद. “त्या जांभळीने पाचदा ओरडून माझा जीव घेतला होता, म्हणून आवाजच बंद करून ठेवलाय मी शनिवारपासून.”

सासरे धक्क्यावरून चालत त्यांच्यापर्यंत गेले. प्रत्येक पावलाला एक स्लिपर वाजत होती, एक नव्हती. टोकाशी पोचले, टॅबकडे पाहिलं, पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं, मागे वळून काठाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजून आले होते ते.

“चाळीस मीटर,” ते म्हणाले. आणि मग एकदम मोठ्याने, “म्हणजे ठिपका बरोबर होता! नकाशा जुना आहे! धक्का नकाशात नाहीच!”

होडीवाली बाई म्हणाली, “दोन महिने झाले बांधून.”

“बघ! दोन महिने! ॲप बरोबर होतं!” ते हसायला लागले. आणि हसता हसता तिथेच फळ्यांवर खाली बसले. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. होडीवाली उठून विनाकारण एका होडीची दोरी तपासायला गेली.

“मी तुला तळ्यात बघितलं गं,” ते म्हणाले.

सासूबाईंनी सुई जॅकेटात खुपसली आणि त्यांचा अनवाणी पाय मांडीवर घेऊन तळव्यातला खडा काढला. “तळ्यात कशी जाईन मी? मला पाच वाजता कोट द्यायचाय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आलात कसे?”

माझ्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. मी तोंड उघडणार नव्हते.

“कॅरियरवर बसून,” सासऱ्यांनीच सांगितलं.

“आणि चालवली हिने? तुम्ही का नाही चालवलीत?”

“मला येत नाही.”

सदतीस वर्षं संसार झाला होता त्यांचा. सासूबाई बघतच राहिल्या. “येत नाही म्हणजे? आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की कामावर सायकलने जाता!”

“जात होतो. शिपाई चालवायचा, मी मागे बसायचो.”

होडीवालीने दोरीकडे तोंड केलेलं असूनही तिचे खांदे गदागदा हलत होते.

मग थोडं थोडं करून बाहेर आलं. लहानपणी एकदा उतारावरून पडले, हात मोडला. नंतर शिकायचं राहून गेलं. पुढे ऑफिसची जीप मिळाली आणि प्रश्नच मिटला. विचारलं कोणी तर ‘पायी बरं पडतं’ म्हणायचे, आणि मोजणीच्या माणसाने पायी फिरणं कोणाला खटकतही नाही.

“अहो, मग चौदा ॲपांचा तो खटाटोप कशासाठी? मी आपली गेले असते आणि आले असते.”

“तू गेली असतीस,” सासरे म्हणाले. “मी कुठे येणार होतो? म्हटलं, निदान नकाशावर तरी बरोबर जाऊ.”

सासूबाईंनी सातवं जॅकेट पुरं केलं, आठव्याला हात घातला आणि म्हणाल्या, “उद्यापासून सकाळी सहा वाजता मैदानावर. स्लिपर घालून यायचं नाही.”

येताना आम्हाला ती हरवलेली स्लिपर सापडली. कोणीतरी ती रस्त्यातून उचलून कुंपणाच्या खांबावर अडकवून ठेवली होती.

ॲपचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. सासऱ्यांनी वही उघडली, बेरजा केल्या आणि काळं पहिलं आल्याचं जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, मला ते पहिल्या दिवसापासून पसंत होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्याचे आकडे मोठे आहेत. चष्म्याशिवाय दिसतात.” सासऱ्यांनी आपल्या अकरा रकान्यांवरून वरून खाली, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. चष्म्याचा रकाना नव्हता. त्यांनी निमूटपणे बारावा आखला.

शिकवणी तीन आठवडे चालली. मी सीट खाली घेऊन पॅडल काढून दिली, आधी नुसतं पायांनी ढकलत तोल सांभाळायचा. सासरे लांब लांब ढांगा टाकत धावपट्टीवरून सरकायचे, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मग पॅडल लावली. सासूबाई मागून सीट धरून पळायच्या आणि ओरडायच्या, “पुढे बघा! चाकाकडे काय बघताय, ते कुठे जात नाही!” गुडघा दुखतो म्हणून जिला मी सायकलवर बसवलं होतं, ती बाई आता रोज अर्धा तास धावत होती. धावू नका म्हटलं असतं तर ऐकलं नसतंच, आणि गुडघाही तक्रार करत नव्हता.

ते चार वेळा पडले. दोनदा गवतात, एकदा रखवालदाराच्या खुर्चीवर आणि एकदा रखवालदारावर. पण सतराव्या की अठराव्या दिवशी सासूबाईंनी अर्ध्या फेरीतच हात सोडला आणि त्यांना सांगितलं नाही. सासरे जोरजोरात बोलत पुढे चालले होते, “धरलंयस ना? सोडू नकोस हं! धरलंयस ना?” आणि उत्तर शंभर मीटर मागून आलं, “धरलंय, धरलंय!” आवाज इतका लांबून आला हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते डगमगले, पण पडले नाहीत. पूर्ण फेरी मारून आले आणि एक पाय टेकवून उभे राहिले. नोंद कोणीच केली नव्हती. मी म्हटलं, “बाबा, पहिली फेरी सुटली की हो.” त्यांनी नुसता हात हलवला.

आता दोघं आठवड्यातून तीनदा जातात. सासूबाई पुढे, सासरे मागे, दोघांच्या फोनवर तेच काळं ॲप, दोघांचे आकडे वेगवेगळे येतात आणि त्यावरून न्याहारीच्या वेळी वाद होतो. नकाशावाल्यांना धक्क्याबद्दल सासऱ्यांनी मोजमापासकट पत्र पाठवलंय. सासूबाई दर गुरुवारी होडीवालीकडे थांबतात.

गेल्या रविवारी ते पहिल्यांदाच शहराबाहेरच्या रस्त्याने गेले. अकरा वाजून गेले तरी आले नाहीत, म्हणून मी फोन केला. सासऱ्यांनी उचलला. धाप लागलेली, मागे वारा.

“अगं, आम्ही रस्ता चुकलोय.”

“बाबा, तुमच्याकडे नकाशा आहे ना?”

“आहे की. पण ती म्हणते बघायचा नाही. इथे दोन रस्ते फुटलेत, आणि ती डावीकडच्या उतारावरून गेलीसुद्धा.” मागे लांबवर कुठेतरी ती घंटी वाजतच होती. “ठेवतो मी. मला ब्रेक दाबायचाय. आणि हे बघ, जेवायला आमच्यासाठी थांबू नकोस.”